हसीनाआपाच्या डोळ्यांवर ओढणी

गारखेड्यातल्या आमच्या अंगणवाडीत मी मदतनीस. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची अन् मधेमधे तोंड घालायचं. हे तिसरं काम मला कुणी सांगितलेलं नाय, पण जीभ गप बसत नाय त्याला काय करू? हसीनाआपाशी तर मी चार महिने रोज भांडले.

आपा साठीची, अंगानं काटक, गल्लीच्या टोकाला शिवणकाम करते. तिचा थोरला भाऊ गयास जन्मापासून मुका-बहिरा होता. त्याच्या खुणा घरात कळायच्या त्या फक्त हिला. त्यानं भुवई हलवली की ही पाणी घेऊन हजर. भाऊ जाऊन वीस वर्षं झाली, तरी हिची नजर तशीच पक्की.

आता तिची नात मुबश्शिरा. साडेतीन वर्षांची झाली, पण तोंडातून शब्द नाय. आईबाप कामावर, पोर दिवसभर दादीपाशी; अंगणवाडीतही दादी शेजारीच बसायची. बोट दाखवलं की बिस्किट, मान वळवली की बाहुली. मी सोबत गेले, सरकारी दवाखान्यात कान तपासले, कान ठणठणीत निघाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीन महिन्यांनी परत दाखवा. तोवर खेळा तिच्याशी, तिला बोलायला वाव द्या." आपानं त्यातलं 'परत दाखवा' एवढंच ऐकलं. बाहेर येऊन मला म्हणाली, "हमारे खून में है. गयासभाईचं नशीब हिच्या कपाळी आलं." रडली नाय. ते बघून मला लई भ्या वाटलं.

"आपा, तुम्ही तिला काही मागूच देत नाय!" मी म्हणायचे.

"लेकरू भुकेलं दिसतं, अन् मी आंधळ्यासारखी बसू?" ती उसळायची.

एकदा हे आमच्या सेविका गीताबाईंनी ऐकलं. बाई हळू बोलतात, पण डोकं लई चालतं. "बसा की मग एक दिवस आंधळ्यासारखं," त्या हसून म्हणाल्या. शनिवारी घरच्यांना पोरांसोबत खेळायला बोलावलेलंच होतं. बाईंनी आंधळी कोशिंबीर ठरवली. मोठ्यांनी डोळे बांधून आपलं लेकरू शोधायचं. हाक फक्त त्याच लेकरानं मारायची, बाकीच्यांनी तोंडावर बोट.

आपाची पाळी आली. तिच्याच ओढणीनं मी डोळे बांधले, चांगली गाठ मारली. मुबश्शिरा भिंतीपाशी उभी. तिनं हात हलवला. मग दोन्ही हात हलवले, छातीवर थापट्या मारल्या, पाय आपटले. तेवढ्यात बाहेर रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता, त्यात पायांचा आवाजही गेला. दादी उलटीकडंच चालली. पोरीचा चेहरा असा झाला की मलाच जाऊन गाठ सोडावीशी वाटली. गीताबाईंनी माझा पदर धरून ठेवला.

आपाच्या हाताला सत्यम लागला. तो गुबगुबीत पोरगा, चिडीचूप. आपानं त्याचं डोकं चाचपलं, गाल कुरवाळले, अन् "मिल गयी मेरी गुडिया!" म्हणत त्याला छातीशी धरलं.

"दादी! इधर!"

आवाज घोगरा होता, पण लई मोठा होता. रागाचा होता. दुसऱ्याचं लेकरू दादीच्या कुशीत, हे तिला सोसवलंच नाय. सत्यम दचकून रडायला लागला अन् मीही त्याच्याबरोबर भोकाड पसरलं. गीताबाईंनी हातातला रुमाल मला दिला, मग परत घेऊन स्वतःचे डोळे पुसले. तिकडं खिचडी करपल्याचा वास सुटला होता. करपू दे मेली!

आपा मटकन खाली बसली. ओढणी भिजली होती. मी गाठ सोडायला गेले, तर तिनं माझा हात झटकला.

"किधर, बेटा?" ती म्हणाली. "मला दिसत नाय."

"इधर!"

"किधर?"

"इधर, दादी, इधर!"

पोर तिच्या मांडीवर येऊन बसली होती, तरी आपा विचारतच राहिली.