तिसऱ्या खाटेचं ताक

झुंबरबाईचा राग बेलापुरात सगळ्यांना ठाऊक होता. नृसिंह डॉक्टरांच्या बारा खाटांच्या दवाखान्यात ती आया होती. डॉक्टरांची सुई परवडली पण झुंबरबाईचं तोंड नको, असं रोग्यांचे नातेवाईक उघड म्हणत. खाटेवर टेकलेल्या पाहुण्याला ती दंडाला धरून उठवायची, रोग्यासमोर गळा काढणारीला व्हरांड्यात हाकलायची. आणि रोग्याची पेज तशीच परत आली, तर मग त्या घराची सात पिढ्यांची उजळणी व्हायची.

रोज सकाळी ती पितळी किटली घेऊन गावातून ताक गोळा करायची. ताक कुणी विकत नसे, विकणाऱ्याला गाव नावं ठेवी. ताकाला जाऊन भांडं लपवणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती दारात किटली आपटून म्हणायची, "दवाखान्याचं ताक." त्या वर्षी दुष्काळ होता, चाऱ्यावाचून गाईम्हशी आटल्या होत्या. तरी केशरबाईसारख्या बाया घरच्या ताकात पाणी वाढवून हिची किटली भरत. म्हणूनच त्यातला थेंब जरी सांडला, तरी झुंबरबाईचं टाळकं सरकायचं.

चैत्रात राहात्याकडच्या एका वस्तीवरून चांगुणा तिसऱ्या खाटेवर आली. वीस-बावीस वर्षांची, मुदतीच्या तापानं पार सुकलेली. काढे, अंगारे होऊन बाराव्या दिवशी तिला दवाखाना दिसला. सुया-गोळ्यांनी दोन दिवसांत ताप उतरला, पण जुलाब थांबेनात. सलाइन लावलेला हात जागेवरून हलत नव्हता. डॉक्टरांनी तिच्या सासूला, आक्काबाईला, समोर बसवून सांगितलं, "तापातून सुटली, आता उपासानं जाईल. ही प्रोटीनची पावडर पेजेत कालवून द्यायची आणि तासातासाला चार चमचे ताक. औषधानं रोगाचे जंतू मेले, तसे पोटातले कामाचे जंतूही मेलेत. ते ताकातून परत येतील."

झुंबरबाईनं ते आपल्या परीनं समजून घेतलं. पोरीच्या पोटातलं विरजण संपलंय, नवं लावायचं.

"पाजते की," आक्काबाई म्हणाली. बाई वाईट नव्हती. दिवसभर पदरानं सुनेला वारा घालायची, स्वतः भाकरीचा चतकोर खाऊन राहायची. वाटी दर वेळी रिकामी परत यायची. पण तीन दिवस झाले तरी चांगुणाच्या अंगात जीव येईना. डॉक्टर चक्रावले. "एवढं पोटात जातंय, मग मुरतंय कुठं?" ते झुंबरबाईला म्हणाले. "दोन दिवसांत फरक पडला नाही, तर पोरगी हातची गेली म्हणून समज."

त्याच दुपारी झुंबरबाई फडकी वाळत घालायला मागच्या बाजूला गेली. तिथं दवाखान्यातला बोका पहुडला होता. गावातली मांजरं दुष्काळानं काटकुळी झाली होती, हा मात्र चांगला टरारला होता. तिसऱ्या खाटेच्या खिडकीखाली भिंतीवर पांढरे ओघळ होते, माश्या घोंघावत होत्या, आणि बोका मिशा चाटत होता.

ती तशीच आत आली.

"आक्काबाई, ताक कोनाला पाजलं?"

"चांगुणाला."

"आन् बोक्याला कोनी पाजलं?"

आक्काबाईनं आधी मान खाली घातली, मग वर केली. "मुदतीच्या तापात अन्न म्हंजी इख. एकवीस दिस लंघन लागतं. आता चार दिस ऱ्हायलेत. डाक्टर काय, सुई टोचून मोकळा. सून माजी हाय. माज्या हातानं तिला इख घालू व्हय?"

झुंबरबाईचा हात उठला. म्हातारीचा अंबाडा धरून तिला फरफटत फाटकाबाहेर न्यावं, असं तिला खरोखर वाटलं. पण हेच बोलणं तिनं पूर्वी ऐकलं होतं, अगदी शब्दाला शब्द, आणि तेही स्वतःच्याच तोंडून. हात खाली आला. राग मात्र तसाच होता.

"माजी साळू नऊ वर्साची हुती," ती म्हणाली. "मी बी एकवीस दिस धरले हुते. अठराव्या दिशी ताप गेल्ता, अंग गार हुतं. मला म्हनली, आई, वाईच ताक दे. भांडं फळीवर हुतं, माजा हात पुरत हुता. मी म्हनले, तीनच दिस ऱ्हायले, बाळा. इसाव्या दिशी गेली. तापानं न्हाई गेली ती. मी उपाशी मारली."

झुंबरबाईनं ताकाची वाटी आणि चमचा आक्काबाईच्या हातात कोंबला.

"मी न्हाई पाजनार. तूच पाज. मी हितं बसून बघनार, आन् येक थेंब सांडलास तर मनगट मोडीन."

म्हातारीनं चमचा न सांडता सुनेच्या ओठांना लावला. चांगुणानं घोट गिळला. त्या तासाला चार चमचे गेले, पुढच्या तासाला चार. मधे पावडर घातलेली पेज गेली. झुंबरबाई खाटेच्या पायथ्याशी जमादारासारखी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी जुलाब कमी झाले. तिसऱ्या दिवशी भर दुपारी चांगुणानं डोळे उघडले आणि सासूला विचारलं, "आत्याबाई, वाईच ताक हाय का अजून?"

आक्काबाईनं झुंबरबाईकडं पाहिलं. किटली रिकामी होती.

"बघत काय बसलीस? तोवर पेज पाज तिला," असं म्हातारीवर खेकसून झुंबरबाई किटली घेऊन उन्हात बाहेर पडली. त्या दिवसांत एका दारात दिवसातून दोनदा ताक मागायची कुणाची छाती होत नसे. तिनंही कधी मागितलं नव्हतं.

केशरबाई उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती. "झुंबरे, सकाळी तर नेलंस की गं," ती म्हणाली.

"माज्या पोरीनं मागितलंय," झुंबरबाई म्हणाली.

केशरबाईनं साळूला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. ती उठली. आत गेली, घरच्यांच्या जेवणासाठी झाकून ठेवलेलं भांडं उचलून आणलं आणि किटली काठोकाठ भरली.