दरवर्षी मरणारा माणूस

आमच्या शाळेचा शिपाई अकरा वर्षांत अकरा वेळा मेला, आणि प्रत्येक वेळी तो नीट मेला की नाही हे बघायला मी समोर उभी होते.

ऐकायला विचित्र वाटेल, पण माझं कामच ते होतं. युवा महोत्सवाला शहरातल्या प्रत्येक हायस्कूलकडून दरवर्षी एक शॉर्ट फिल्म जाते. पाच मिनिटांची, मुलांनी लिहिलेली आणि मुलांनीच केलेली. सोबत एक शिक्षक लागतो, म्हणून ते लोढणं माझ्या गळ्यात पडलं. मी भाषा शिकवते. कॅमेऱ्यातलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्ही गोष्टी वाचता ना? मग झालं तर."

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना गोष्ट लिहायला सांगून बघा. त्यांना मरणाशिवाय काही सुचत नाही. आजोबा मरतात, कष्टाळू बाप मरतो, एकटा राहणारा वॉचमन मरतो. पहिल्या वर्षी मी समजावलं, दुसऱ्या वर्षी रागावले, तिसऱ्या वर्षी हात टेकले.

तर त्या पहिल्या वर्षी आजोबांच्या कामाला एका मुलाचे खरेखुरे आजोबा येणार होते. मरायचं आहे म्हटल्यावर त्यांच्या सुनेने ऐनवेळी नको म्हणून कळवलं. आजारी मुलांच्या खोलीतला पलंग वर्गात मांडून आम्ही ताटकळत बसलो होतो. दिवा धरायला शिपाई शिडीवर चढला होता. कुणीतरी म्हणालं, "काका, तुम्हीच झोपा ना." तो खाली उतरला, हात पुसले, चपला पलंगाखाली नीट लावल्या आणि मेला. असा मेला की कॅमेऱ्यामागची पोरगी हमसाहमशी रडायला लागली. त्या दिवसापासून सगळी शाळा त्याला हिरो म्हणू लागली, मीसुद्धा.

हिरो दिसायला उंच, किडकिडीत, कान मोठे, मिशीची एक बाजू कायम वर. एकोणिसाव्या वर्षी तो शाळेत तात्पुरता लागला आणि अडतीस वर्षं तिथेच राहिला. कुठली खिडकी लागत नाही, कुठल्या बाकाचा खिळा वर आलाय, कोण डबा न आणता नुसतं पाणी पिऊन मधली सुट्टी काढतो, सगळं त्याला ठाऊक. त्या मुलाला तो हमखास काहीतरी काम सांगून बोलवायचा आणि स्वतःच्या डब्यातलं अर्धं त्याच्यापुढे सरकवायचा. त्याला स्वतःला मूलबाळ नव्हतं. घरी तो आणि बायको, दोघंच.

मरण्यात मात्र त्याचा हात कुणी धरला नसता. एक्केचाळीस सेकंद श्वास रोखायचा. नाकावर माशी बसली तरी पापणी हलायची नाही. त्या अकरा वर्षांत तो शिडीवरून पडून मेला, उपाशी मेला, शेवटची बस चुकली म्हणून थंडीत मेला, एकदा तर मुलाचं पत्र आलं नाही एवढ्याशा कारणावरून मेला. शूटिंग संपलं की स्टाफरूमच्या दारात येऊन सांगायचा, "बाई, आज दोन टेकमध्ये गेलो." रजेचा अर्ज मंजूर झाल्यासारखा चेहरा असायचा.

त्याची बायको एका लॉन्ड्रीत इस्त्री करायची. महोत्सवाच्या दिवशी ती दरवर्षी यायची आणि शेवटच्या रांगेत, दाराला लागून बसायची. पडद्यावर हिरो खोकायला लागला की ही पिशवी उचलून बाहेर. टाळ्या ऐकू आल्या की परत आत. एका वर्षी मी तिला बाहेरच गाठलं.

"काकू, अहो सगळं खोटं असतं ते. आत्ता घरी तुमच्याच सोबत येणार आहेत ना!"

"मला काय कळत नाही का, बाई?" ती हसून म्हणाली. "पण एकदा डोळ्यांनी बघितलं ना, की ते डोळ्यांत राहतं. मग ते शेजारी घोरत असले तरी मी उठून बघत बसेन."

बाराव्या वर्षी हिरो मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. आत या म्हटलं तरी आला नाही.

"बाई, या वर्षी मला मारू नका."

मी पेपर तपासत होते. वर न बघता म्हटलं, "का हो, कंटाळलात मरून?"

"हिच्या पोटात गाठ निघाली. पसरलीय म्हणाले. उन्हाळा काही बघत नाही." तो किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात करत होता. "ती म्हणते, इतकी वर्षं आले, एकसुद्धा फिल्म पुरती बघितली नाही. एक तरी शेवटपर्यंत बघायचीय. तुम्ही मरणार नसाल तर."

माझं हसू तोंडातल्या तोंडात विरलं. मी त्याला शब्द दिला. तो म्हणाला, "पोरांना यातलं काही सांगू नका. उगाच माझ्याकडे बघत बसतील." मी तोही शब्द दिला.

त्या वर्षीची डायरेक्टर म्हणजे अकरावीतली एक फटकळ मुलगी. तिने कमरेवर हात ठेवले. "काका मरणार नाहीत? मग शेवट काय करायचा?"

"शेवटी ते घरी जातील."

"एवढंच? बाई, घरी तर सगळेच जातात!"

पण माझ्यापुढे तिचं चाललं नाही. हिरोचा एक दिवस, सकाळी कुलूप उघडण्यापासून संध्याकाळी कुलूप लावण्यापर्यंत, असं ठरलं. मुलं आधी नाक मुरडत होती, मग रंगली. खडूच्या पेट्या, पाण्याची पिंपं, घंटा वाजवण्याआधी तो घड्याळाकडे बघून मान हलवतो ते, सगळं टिपलं. शेवटच्या दिवशी शाळा सुटल्यावर तो जिन्याखालच्या बाकावर घटकाभर टेकतो असा सीन होता. हिरो टेकला आणि खरोखरच झोपला. बायकोच्या उशाशी जागून जागून त्याची झोपच राहिली नव्हती. मान भिंतीला, हातात किल्ल्या, तोंड किंचित उघडं. डायरेक्टरने कॅमेरा थांबवला नाही. बऱ्याच वेळाने ती हळूच म्हणाली, "काका, उठा." तो दचकून उठला, ओशाळला, तोंडावरून हात फिरवला, डबा पिशवीत टाकला, फाटकाला कुलूप लावलं आणि निघाला. चालता चालता त्याने एकदा पाठ खाजवली. झाली फिल्म.

फिल्म पाठवायची मुदत चार वाजेपर्यंत होती. दोन वाजता कळलं की ती अठरा सेकंदांनी जास्त भरतेय. महोत्सवाचा नियम कडक, पाच मिनिटांवर एक सेकंद गेला की फिल्म बाद. कॉम्प्युटरपुढे एडिटिंग करणारी मुलगी बसली होती, तिला सगळे कात्री म्हणायचे. ती जिथे कापायला जाई तिथे डायरेक्टर किंचाळायची. घंटा नको, खडू नको, आणि झोप तर अजिबात नको, "बाई, ती झोप म्हणजे आपली सगळ्यात भारी गोष्ट आहे!" माझ्या मांडीवर बेचाळीस पेपरांचा गठ्ठा होता आणि डोकं उठलं होतं.

मी म्हटलं, "शेवटचं ते उठणं आणि फाटक काढून टाका. माणूस घरी गेला हे काय सांगावं लागतं?"

कात्रीने मागे वळून विचारलं, "मग झोपलेल्यावर संपेल, बाई. चालेल?"

"चालेल."

कापल्यावर मी ती एकदा पाहिलीसुद्धा. खोटं कशाला सांगू, मला काही खटकलं नाही. ती फिल्म मी इतक्या वेळा पाहिली होती की पडदा काळा झाल्यावरही मला तो उठून चालताना दिसला. पाठ खाजवतानासुद्धा दिसला.

महोत्सवाच्या दिवशी हिरो बायकोला धरून आणत होता. केवढीशी झाली होती ती. मी दाराजवळची खुर्ची दाखवली तर म्हणाली, "छे, आज मधोमध बसणार." मी त्यांच्या मागच्या रांगेत बसले. आमची फिल्म सुरू झाली तशी ती शेजारच्या अनोळखी बाईला कोपर लावून म्हणाली, "हे आमचे." हिरो घड्याळाकडे बघून मान हलवतो तिथे हॉल हसला आणि ती सगळ्यांपेक्षा मोठ्यांदा हसली. माझा जीव सुपाएवढा झाला होता.

मग जिन्याखालचा बाक आला. तो बसला. डोळे मिटले. मान भिंतीला टेकली, किल्ल्या बोटांतून जराशा सैल झाल्या. डायरेक्टरने खाली पियानोचे सावकाश सूर लावले होते. पडदा हळूहळू काळा झाला.

हॉलमध्ये कुणी हललं नाही. मग कुठेतरी नाक ओढल्याचा आवाज आला. आणि तेव्हा, त्या क्षणी, माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

पुढच्या रांगेतून अंधारात हिरोचा आवाज आला. "अगं, मी उठलो होतो. खरंच उठलो होतो गं मी."

कुणीतरी म्हणालं, "शू!"

मग टाळ्या, थांबता थांबेनात. परीक्षक माइक घेऊन म्हणाले, मृत्यू इतका शांत, इतका संयमाने दाखवलेला त्यांनी मुलांच्या फिल्ममध्ये कधी पाहिला नव्हता. बारा वर्षांत पहिल्यांदा आमच्या शाळेचं नाव पुकारलं गेलं. मुलं आरडाओरडा करत आली आणि हिरोला दोन्ही हातांना धरून स्टेजवर ओढत घेऊन गेली. तो मागे वळून वळून बायकोकडे बघत होता. ती पडद्याकडे बघत बसली होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"त्यांना काही बोलू नका हं, बाई," ती म्हणाली. "मला सांगितलं होतं नाही मरणार म्हणून. नसेल जमलं. गोष्टच तशी असेल."

तेव्हाच सांगायला हवं होतं की गोष्ट तशी नव्हती, मी ती तशी केली. आजूबाजूला गोंगाट फार होता, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत आले.

चौथ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेले. मधले तीन दिवस मी टाळत होते, दुसरं काही नाही. दोन खोल्यांचं घर, खिडकीशी पलंग, कोपऱ्यात वायर गुंडाळून ठेवलेली इस्त्री. हिरो औषधं आणायला गेला होता. मी तिला सगळं सांगितलं. अठरा सेकंद, चार वाजेपर्यंतची मुदत, मांडीवरचे पेपर, माझं "चालेल." मग न कापलेली फिल्म लावली.

ती उशीला टेकून बघत होती. तो उठला, डबा उचलला, कुलूप लावलं, निघाला.

"एवढंच कापलं होतं?"

"एवढंच."

"एवढं राहिलं असतं तर काय बिघडलं असतं, बाई?"

आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "पाच मिनिटांची अट होती." आणि म्हटल्याबरोबर स्वतःचीच लाज वाटली.

"परत लावा."

मी लावलं. सहा वेळा लावलं. चौथ्यांदा ती म्हणाली, "पाठ खाजवतात बघा. घरीपण असंच, चारचौघांत सुद्धा!" आणि हसली. सहाव्यांदा तिने हात वर करून मला थांबवलं. "राहू दे. छान आहे. पण ते हॉलमधलंच डोळ्यांत बसलंय आता, त्याच्यावर हे बसत नाही."

सव्वीस दिवसांनी ती गेली. उन्हाळा तिने बघितला नाही.

हिरो आठवड्याने कामावर आला. घंटा वेळेवर व्हायच्या, कुलपं वेळेवर लागायची. कॉरिडॉरमध्ये मुलं बाजूला सरून त्याला वाट द्यायची, ते त्याला आवडायचं नाही. माझ्याशी तो पूर्वीसारखाच बोलायचा, आणि मी मात्र तो दिसला की रजिस्टरात डोकं घालायचे. त्याने मला एका शब्दाने दुखावलं नाही. काकूने त्याला काय सांगितलं होतं, काही सांगितलं होतं की नाही, हे विचारायची माझी आजवर छाती झालेली नाही.

एका दुपारी शाळा सुटल्यावर तो स्टाफरूमच्या दारात आला. मी या म्हणायच्या आधीच आत आला आणि समोरच्या खुर्चीवर बसला. अडतीस वर्षांत तो त्या खोलीत कधी बसला नव्हता.

"बाई, एक विचारू?"

"विचारा ना."

"इतक्या वेळा मी मेलो. पण मी आपला डोळे मिटून पडलेला. पुढचं मला काही दिसायचं नाही." तो थांबला. "मागे जो राहतो ना, तो मग काय करतो?"

"काय करतो म्हणजे?"

"म्हणजे घरी येतो, दार उघडतो, दिवा लावतो. तिथपर्यंत माझं मी करतो. त्याच्या पुढे काय करतो तो?"

मी एकेक फिल्म आठवून पाहिली. शिडी, थंडी, पत्र, पलंग. पलंगाशी रडणारी मुलगी होती, दारात टोपी काढून उभा राहिलेला मुलगा होता. त्यानंतरचं काही माझ्या डोळ्यांपुढे येईना.

"आपण ते कधी घेतलंच नाही हो," मी म्हणाले.

"असं होय," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल." आणि तो तिथेच बसून राहिला, मीही बसून राहिले.