थोरल्या साहेबांचं तोंड

आमच्या कलाशाळेत पहिल्या वर्षी सगळंच शिकवायचे. स्थिरचित्र, निसर्गचित्र, अक्षरलेखन, संकल्पचित्र, मातीकाम. वर्षभर या खोलीतून त्या खोलीत फिरायचं, आपला हात कुठं चालतो ते बघायचं आणि मग पुढं त्यातलं एक धरायचं. कागदावर नियम असाच होता. माझा हात कुठं चालतो हे बघण्याआधी प्रत्येक खोलीत मी कुणाची हे बघितलं गेलं. चाळीसेक वर्षं झाली. लिहिताना अजून दात आवळले जातात.

आम्ही परंड्याकडचे. छप्पनच्या धर्मांतरानंतर बौद्ध झालेलं घर. बहात्तरच्या दुष्काळात माय खडी फोडायला जायची, तेव्हा मी शेजारी बसून खडीच्या ढिगावर कोळशानं रेघा मारायची. त्यानंतर ऐंशीच्या दशकात पुन्हा तसाच दुष्काळ आला, तेव्हा माय रोजगार हमीच्या तलावावर माती उचलत होती आणि मी उस्मानाबादच्या कलाशाळेत होते. मोठी बहीण आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिच्या हट्टामुळं मी तिथवर पोचले.

निसर्गचित्र प्राचार्य स्वतः शिकवायचे. त्यांनी आम्हाला गावाबाहेरच्या ओढ्यावर नेलं. ओढा कोरडा ठक्क. मधोमध बायकांनी झिरा खणला होता आणि वाटीवाटीनं घागर भरत होत्या. मी तेच काढलं. तांबडी माती, पांढरट दगड, खड्ड्यात कमरेपर्यंत वाकलेली बाई. प्राचार्यांनी कागद हातात घेतला आणि विचारलं, "यात निसर्ग कुठाय?"

"हाच निसर्ग आहे, सर."

"निसर्गचित्र बघून नजरेला गारवा वाटला पाहिजे. झाडं काढ. हिरवळ काढ."

"हिरवं कुठं दिसतंय, सर?"

"डोक्यात असावं लागतं," ते म्हणाले आणि पोरं हसली. शेजारच्यानं नारळाची झाडं काढली होती. आमच्या जिल्ह्यात, ओढ्याच्या काठाला, नारळाची झाडं! त्याला वर्गात पहिला नंबर दिला.

अक्षरलेखन मला आवडायला लागलं होतं. ब्रश आडवा धरला की रेघ जाड, उभा धरला की बारीक. काना, मात्रा, वेलांटी सगळं हातात येत होतं. पण आमची कलाशाळा ज्या संस्थेची, तिचे चेअरमन तेच सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन. त्यांना सगळे नुसतं साहेब म्हणायचे. शिकवण्याच्या नावाखाली आम्हाला भर उन्हात कारखान्याच्या घोषणा रंगवायला भिंतींवर चढवलं जायचं. 'सहकारातून समृद्धी' हे मी इतक्या भिंतींवर लिहिलं की शेवटी त्यातली वेलांटीसुद्धा बघवेना. एकदा तर तेच कोरड्या पाण्याच्या टाकीवर लिहायला लावलं. खाली बायका रिकाम्या घागरी घेऊन ओळीनं बसलेल्या. त्यातली एक म्हणाली, "पोरी, काय लिव्हतीस वर?" मी वाचून दाखवलं. ती थुंकली. माझ्यावर नव्हे, बाजूला. पण मला ते माझ्यावरच वाटलं.

संकल्पचित्राच्या तासाला एक बाई होत्या. संस्थेच्या वर्धापनदिनाला पूजेसमोर मोठी रांगोळी काढायची होती, त्यासाठी त्यांनी सगळ्यांकडून नमुने मागवले. माझा निवडला. दोन दिवस मी हवेतच होते. आदल्या दिवशी बाईंनी मला बाजूला घेतलं.

"तुझा नमुना तिला दे," त्यांनी वर्गातल्या एका मुलीकडं बोट केलं. "पूजेपुढं ती काढेल. तू फाटकापाशी एखादी छोटी काढ."

"का, बाई?"

"अगं, का काय? सगळ्यांनी वाटून घ्यायचं असतं."

कारण कुणीच तोंडानं सांगायचं नाही, हे मला त्या शाळेत सगळ्यात आधी कळलं. शिवी दिली असती तर उलटून बोलता आलं असतं. तिथं सगळे गोड बोलायचे आणि फाटकापाशी पाठवायचे. मी फाटकापाशी रांगोळी काढली नाही. पुडी तिथंच ठेवून खोलीवर गेले आणि उशीत तोंड खुपसून ओरडले.

शेवटी मातीकाम आलं. मातीचे सर तरुण होते, कमी बोलायचे. पहिल्याच तासाला त्यांनी मातीचा गोळा दिला आणि म्हणाले, "शेजारच्याचा कान बघून कर." मी केला. त्यांनी बराच वेळ तो हातात फिरवला आणि म्हणाले, "तू उद्यापासून तासाआधी येत जा." इतकंच. पण त्या खोलीत मला पहिल्यांदा कुणी फक्त हात बघून बोललं. मातीत बोटं घातली की डोकं शांत व्हायचं. चित्र एका बाजूनं दिसतं. माती चारी बाजूंनी जाब विचारते. मला ते आवडायचं.

ते सुख महिनाभर टिकलं असेल. पाणी संपलं. टँकर आठवड्यातून एकदा यायचा, तोही वेळेवर नाही. प्राचार्यांनी खोलीला कुलूप लावलं. "लोकांना प्यायला पाणी नाही, तुम्हाला चिखल खेळायला कुठून आणू?" बोलणं खरं होतं. मळलेली माती पिंपात वाळून दगड झाली.

आणि एका सकाळी कारखान्याचा टँकर थेट कलाशाळेच्या दारात येऊन उभा राहिला.

साहेबांचे वडील मागच्या वर्षी वारले होते. सगळे त्यांना थोरले साहेब म्हणायचे. कारखान्याच्या फाटकाशी त्यांचा अर्धपुतळा बसवायचा होता. कुलूप निघालं. पिंपं भरली. आमच्यासाठी नसलेलं पाणी मेलेल्या माणसाच्या तोंडासाठी आलं होतं. शेजारच्या गल्लीतल्या बायका टँकर बघून घागरी घेऊन धावत आल्या, तर शिपायानं त्यांना हाकललं. "कामाचं पाणी हाय," तो म्हणाला.

मला तेव्हाच निघून जायला हवं होतं असं कुणी म्हणेल. मी गेले नाही. मला माती हवी होती.

सरांनी लोखंडी सांगाडा बांधला, खांदे आणि फेटा उभा केला. चेहरा काही जमेना. फोटो एकच, तोही धुरकट. सरांनी केला, मोडला, पुन्हा केला. मग म्हणाले, "तू बघ."

थोरले साहेब आमच्याच भागातले. माय त्यांच्या रानात खुरपायला जायची. सुट्टीत घरी गेले तेव्हा मी मायला विचारलं, ते दिसायला कसे होते. माय चुलीपुढं बसली होती. "लांबून बोलायचा आमच्याशी. बांधावर उभा राहून. बोलताना वरचा व्हट हलायचाच न्हाय त्याचा. नुसता खालचा." तिनं तसं करून दाखवलं. वरचा ओठ दगडासारखा आणि खालच्या ओठातून हुकूम. मी ते मनात धरून आले आणि मातीत उतरवलं. ओठ जमल्यावर डोळे आपोआप जमले. सर बघत राहिले. "आलं," ते म्हणाले. प्राचार्यांनी येऊन मान डोलावली. नंतर चौथऱ्याच्या नकाशावर शिल्पकार म्हणून त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. मी तेही गिळलं.

ओली माती उघडी ठेवता येत नाही. प्लास्टरचा साचा निघेपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, वर ओलं गोणपाट गुंडाळायचं. ते काम मी करायची. साचा घेणारा कारागीर सोलापूरहून यायचा होता. त्याआधी साहेबांच्या आई चेहरा बघायला येणार होत्या, नारळ फोडून पूजा करणार होत्या.

आदल्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं. सर तिथंच उभे होते.

"उद्यापासून तू घरी जाऊन ये," प्राचार्य म्हणाले. "थकली असशील."

"पण पूजा आहे ना, सर?"

"म्हणूनच. थोरल्या बाईसाहेब जुन्या वळणाच्या आहेत. त्यांनी विचारलं, हात कुणाचा लागलाय, तर…"

"तर काय, सर?"

त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसरीकडं ठेवला. मी मातीच्या सरांकडं बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"कधी येऊ परत?"

"साचा निघाला की ये."

मी खोलीत गेले. गोणपाट काढलं, शेवटचं पाणी मारलं, पुन्हा गुंडाळलं. रोज दोनदा पाणी मारायचं कुणाला तरी सांगून जायला हवं, हे मला पक्कं आठवत होतं. शिपाई दारातच बसला होता. मी त्याच्या समोरून गेले. काही बोलले नाही. ही माझी चूक होती असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. सुट्टी दिली होती. मी ती घेतली.

घरी बसवेना म्हणून मी मायबरोबर तलावाच्या कामावर गेले. उन्हात पाट्या टाकताना हात सोलले, पण राग काही केल्या उतरेना. जेवणाच्या सुट्टीत बाभळीखाली बसल्यावर मी बांधाची चिकण माती उचलली, मायच्या तांब्यातलं थोडं पाणी ओतून मळायला घेतली. मायनं तांब्या हिसकावला.

"प्यायचं पानी हाय त्ये! लोकाला घोटभर मिळंना आन् तू चिखल करतीस?"

प्राचार्य बोलले होते तेच शब्द. पण मायला ते बोलायचा हक्क होता, कारण ते पाणी तिनं डोक्यावरून आणलं होतं. मी माती फेकून दिली आणि रडायला लागले. मग तिला सगळं सांगितलं. ओठाचं, पूजेचं, सुट्टीचं. माय भाकरी खात ऐकत राहिली. भाकरी संपवून म्हणाली, "त्यो जित्ता हुता तवा बी आमी लांबच हुतो. मेल्यावर तू जवळ गेलीस कशाला?"

मला मायचाही राग आला. त्या दिवसांत कुणाचा राग येत नव्हता सांगा.

पूजा झाली ती ऐकीव माहिती. थोरल्या बाईसाहेबांनी चेहऱ्याला हात लावला आणि "अस्सेच होते" म्हणून रडल्या म्हणे. सोलापूरचा कारागीर मात्र लांबला. उन्हाळा तो, खोलीवर पत्रे. शिपायाला कुणी काही सांगितलं नव्हतं. प्राचार्यांना माती कशानं ओली राहते हेच माहीत नव्हतं. आणि ज्यांना माहीत होतं ते सर पूजेच्या संध्याकाळीच आपल्या गावी लग्नाला गेले होते. कारागिरानं येऊन गोणपाट उचललं तेव्हा फेट्यापासून हनुवटीपर्यंत चेहरा फाटला होता आणि खालचा ओठ गळून पडला होता.

मला तातडीनं बोलावलं. प्राचार्यांच्या खोलीत साहेबांचा माणूस बसला होता.

"तू मुद्दाम केलंस," प्राचार्य ओरडले.

"मी इथं नव्हते, सर."

"पाणी मारायला सांगून जायला काय झालं होतं?"

"ज्याच्यावर माझा हात दिसायला नको, त्याला पाणी मात्र माझ्याच हातचं पाहिजे का?"

"तोंड सांभाळून बोल. कुणामुळं शिकतेस इथं?"

"माझ्या बहिणीमुळं," मी म्हणाले. आवाज चढला होता, बाहेर पोरं जमली होती. "तुमचं फक्त छप्पर आहे."

मग ते समजुतीवर आले. चेहरा पुन्हा करून दे, झालं गेलं विसरू. मी नाही म्हणाले. काढून टाकायची धमकी दिली, तरी नाही म्हणाले. मातीचे सर तिथंच होते. त्या सगळ्या वेळात ते एक शब्द बोलले नाहीत.

शेवटी सरांनीच फटी बुजवून चेहरा पुन्हा उभा केला. दोन्ही ओठ सारखे, हसरे, कुणाचेही असावेत तसे. समारंभ झाला, फेटे बांधले गेले, भाषणं झाली. मला काढलं नाही, पण मातीकामात नापास केलं. वर्गात फक्त मी. पुढच्या वर्षी बाहेरचा परीक्षक आला, त्यानं पास केलं. तोपर्यंत मातीच्या खोलीत मला कुणी पाय ठेवू देत नव्हतं. शिक्षक होण्यासाठी लागायची ती पदविका घेतली आणि लोहाऱ्याच्या एका शाळेत चित्रकलेची शिक्षिका म्हणून लागले.

बऱ्याच वर्षांनी चित्रकलेच्या परीक्षेवर देखरेख करायला तेच सर आमच्या शाळेत आले. केस पिकले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं. पोरांचे पेपर गोळा झाल्यावर आम्ही दोघंच वर्गात राहिलो.

"तुझ्यासारखा हात मी नंतर बघितला नाही," ते म्हणाले. "तू माती सोडायला नको होतीस."

"मी सोडली नाही, सर. माझ्याकडून सोडवली."

"माझी नोकरी कच्ची होती तेव्हा. घरी परिस्थिती…"

"प्राचार्यांचा मला राग आहेच," मी म्हणाले. "पण ते तसेच होते. तुम्हाला ठाऊक होतं चेहरा कुणी केलाय. खिडकीबाहेर बघत होता तुम्ही."

शिपाई चहा घेऊन आला. त्यांनी कप उचलला, पण प्यायले नाहीत. जाताना दारात थांबून म्हणाले, "मला माफ कर, बाई."

"न्हाय जमणार, सर," मी म्हणाले.

ते स्टँडकडं चालत गेले. मी वर्गात परत आले आणि पोरांच्या पेपरांचा गठ्ठा बांधला. गाठ नीट बसेना. दोनदा सोडून पुन्हा बांधली.