ताडीच्या मांडवात मास्तर

परवा खोडाळ्याच्या बाजारात ताज्या ताडीचा आंबूस वास आला आणि मला संस्थानी अमलातलं जव्हार आठवलं. मी तिथे वसतिगृहात राहून शिकत होतो.

वसतिगृहामागे ठकीबाईचा ताडीचा मांडव होता. संध्याकाळी तिथे तारपा वाजायचा, एकमेकांच्या कमरेला हात घालून नाच व्हायचा, आणि आम्ही विद्यार्थी चोरून जायचो. सापडलो, तर शाळेतून नाव कमी होणार हे ठाऊक होतं.

एकदा माझा मित्र सोनू नाचत असताना समोर गणिताचे नवे मास्तर येऊन उभे राहिले. सोनूचे पाय जागीच थांबले. मी ताडीचा द्रोण पाठीमागे लपवला.

ठकीबाईच्या बोलीत सगळ्यांनाच अरे-तुरे. ती म्हणाली, "ये मास्तर, बस. उभा का?"

मास्तर घुटमळले. मग टोपी काढून त्यांनी सोनूच्या कमरेला हात घातला. "पाय कसा टाकायचा, शिकव," म्हणाले.

ते फारच वाईट नाचले. आम्ही पोट धरून हसलो, तेही हसले.

तेव्हा वाटलं, मोठ्या माणसानं आम्हाला माफ केलं. आता कळतं, मास्तर जेमतेम बावीस वर्षांचे असतील, परक्या गावात एकटे. ते आम्हाला पकडायला आलेच नव्हते. त्यांना सोबत हवी होती.