चेहरा बघून सोडणारे हवालदार

निमगाव केतकीच्या फाट्यावर, सकाळच्या दाट धुक्यात, ते हवालदार मला एकदाच भेटले. बारामतीतल्या लग्नाचा मुहूर्त गाठायला, बायकोला शेजारी बसवून, मी गाडी भन्नाट पळवत होतो. मी चालवायला बसलो की आमच्या घरात नवस बोलले जातात.

पुढे उसाचा ट्रॅक्टर होता, मागचा दिवा फुटलेला. हवालदारांनी चालकाचं तोंड निरखलं आणि त्याला सोडून दिलं. माझी मात्र किल्लीच काढून घेतली.

"त्याला सोडलं, मग मलाच का धरलं?" मी चिडून विचारलं.

"त्याचा चेहरा दिसला, पाव्हणं. तुमचा दिसंना. बसा हितं जरा."

"बसा," बायको म्हणाली. "तसाही बघण्यासारखा नाहीच."

हवालदार हसले नाहीत. "असाच एक सोडला हुता," ते हळूच म्हणाले. "चेहरा दिसत नव्हता, तरी सोडला. घरचा हुता म्हणून. पुढच्या वळणावरच गेला."

मग किल्लीवरून अंगठा फिरवत ते माझ्याकडे बघत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आला चेहरा. जावा आता, सावकाश."

ना दंड, ना पावती.

"दिसतोय ना गं मी?" गाडी हळू चालवत मी बायकोला विचारलं. तिनं हात लांबवून माझा गाल चाचपून पाहिला.