घाटघरच्या वाटेवरचं पाणी

तहानलेल्या धनगराची गोष्ट तुम्ही माझ्या तोंडून ऐकली असेल. बाजारात म्हणा, नाताळच्या सभेत म्हणा, कुणाच्या घरच्या प्रार्थनेत म्हणा — ती सांगायची मी बाकी कुठे ठेवली आहे? पण घडली तशी मात्र ती मी कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही, आणि आता ती गेली. तुम्हाला सांगायला बसलो आहे खरा, पण एकदम तोंड उघडेल असं वाटत नाही. जरा आडवळणाने जाऊ द्या.

मी तेव्हा जुन्नरला उपदेशक होतो. प्लेगच्या पहिल्या साथी नुकत्याच ओसरल्या होत्या. खांद्याला पिशवी, पिशवीत छापील पुस्तिका आणि तापाच्या पुड्या, हातात फिरकीच्या झाकणाचा तांब्या — असा मी गावोगाव पायी हिंडायचो. आमच्या मिशनच्या साहेबांचं एकच सांगणं असे : वाटेत भेटेल त्याच्याशी आधी माणूस म्हणून बोला. दया आधी, उपदेश मागाहून. मी मान डोलवायचो. मान डोलवायला काय जातं?

आणि लोक! लोकांनी मला अगदी मेटाकुटीला आणलं होतं. ताप आला की पुडी हवी. मी ती वरून टाकायची, त्यांनी तळहातावर झेलायची. औषधाला विटाळ नव्हता, तो फक्त माझ्या हातच्या पाण्याला होता. पुडी पोटात गेली की ‘तुमी कोन?’ आणि ‘कोन’ कळलं की सगळ्यांना एकदम कामं आठवायची. माझी पुस्तिका मी वळेपर्यंत चुलीत जायची. घाटघरला तर मी पाच-सहा खेपा केल्या असतील, पण बसा म्हणून कुणी म्हटलं नाही.

माझे वडील महारवाड्यातून उठून ख्रिस्ती झाले. मी शाळा शिकलो, कोट घालू लागलो, मुलांना व्याकरण शिकवलं. तरी जुन्नरातला हलवाई मला पाणी द्यायचा ते हातभर उंचीवरून, आणि मी खाली वाकून ओंजळीने प्यायचो. कोटाच्या बाह्या भिजायच्या. राग यायचा का? रोज यायचा. तो पोटात घेऊन मी प्रीतीचा उपदेश करत फिरायचो. हे मी सबब म्हणून सांगत नाही. माझ्या तोंडात प्रीती होती आणि पोटात काय होतं, ते तुम्हाला माहीत असावं, एवढंच.

वैशाखातली गोष्ट. घाटघरहून नेहमीसारखाच हात हलवत परत निघालो होतो. कुणी पाहत नाही असं बघून गावाबाहेरच्या टाक्यावर तांब्या भरून घेतला होता. वाट उतरताना एका हिरड्याच्या झाडाखाली एक म्हातारा धनगर पडलेला दिसला. घोंगडं बाजूला, ओठ फुटलेले, अंगात ताप. माझ्या तांब्याकडे नजर जाताच तो कसाबसा उठून बसला आणि त्याने ओंजळ तोंडाशी नेली. काही मागितलंसुद्धा नाही. ओंजळ धरली की मागणं आलंच.

मी झाकण काढलं. तांब्या कलता केला. आणि तेवढ्यात त्याने विचारलं —

“पावणं, कुनाचं म्हनायचं?”

अहो, सवयीचा प्रश्न! आपल्याकडे माणूस मरायला टेकला तरी तो विचारतो. मी काय म्हणायला हवं होतं? ‘आधी प्या, बाबा.’ तीन शब्द. तीन शब्दांत सगळी दया मावली असती, नाही का? तो प्याला असता. कदाचित मागाहून कळून हळहळला असता, शिव्या दिल्या असत्या मला — पण जिवंत राहून दिल्या असत्या.

मी तांब्या सरळ केला.

आणि सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, ऐकवलं. मी ख्रिस्ती आहे, आमचं मूळ घर महारवाड्यातलं आहे, देवाने पाणी केलं तेव्हा त्यावर जात लिहिली नव्हती — जे घाटघरात कुणी ऐकून घेतलं नाही ते सगळं त्याला ऐकवलं. आयता श्रोता सापडला होता; उठून जायची ताकद नव्हती त्याच्यात. माझं बोलणं चाललं होतं तोवर त्याची ओंजळ तशीच तोंडाशी होती. मला ते दिसत होतं.

मग त्याने ओंजळ सोडली.

“ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. “पोरीचं लगीन ठरलंय. जात वाळीत टाकंल.” आणि थोड्या वेळाने, “म्होरं आमची वाडी हाय. तेवढं सांगा कुनाला तरी. म्हनावं, बिरू हितं पडलाय.”

आवाजात तुच्छता नव्हती. ती असती तर बरं झालं असतं. त्याने फक्त नको म्हटलं, आणि मला हलवायाचं दुकान आठवलं. “मग राहा असाच,” असं म्हणून मी झाकण लावलं आणि चालू लागलो.

वाडी काही लांब नव्हती. वाटेला लागूनच एक बाई गोवऱ्या थापत होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं नाही. विसरलो नव्हतो हो — शब्द जिभेवर होता, दाबून धरला. येऊ दे म्हटलं त्यांचं त्यांना पाणी घेऊन.

दुसऱ्या दिवशी बाजाराला आलेल्या एका गाडीवानाकडून कळलं : बिरू धनगर ऊन लागून वाटेत मेला.

त्याच संध्याकाळी साहेबांनी विचारलं, या खेपेला घाटघरला काय झालं? महिनोन् महिने या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसायचं. त्या दिवशी होतं. एक मरता म्हातारा माझ्या हातचं पाणी प्याला, म्हटलं, आणि शांतपणे त्याने डोळे मिटले. साहेबांचे डोळे भरून आले. मला वाटलं, एवढ्यावर भागेल. पण पुढच्या बाजारी त्यांनी मला उभं करून तीच गोष्ट सांगायला लावली. मी सांगितली. रंगवून सांगितली — हिरडा, घोंगडं, बिरू हे नाव, सगळं. पहिल्यांदाच माझ्याभोवती माणसं थांबली. तो आनंद मला झाला, हेही सांगून टाकतो.

बाजारात त्या बाजूचे लोक असणारच. हे मला कळत नव्हतं? कळत होतं.

बिरूच्या दिवसकार्याला भाऊबंद जेवायला आले नाहीत. मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. ज्या पाण्याला तो नको म्हणाला, ते मी त्याला मेल्यावर पाजलं होतं.

मग त्याची बायको आली. वाडीवरून जुन्नरपर्यंत चालत, एकटी. आमच्या अंगणात लांबच उभी राहिली. माझ्या मागे ओसरीवर साहेब होते, ख्रिस्ती मंडळीतली दोन-चार माणसं होती.

“दादा,” ती म्हणाली, “तुमी व्हता तितं. खरं काय ते सांगा. पेला व्हता का त्यो?”

एक ‘नाही’ पुरलं असतं. तेवढ्यासाठीच ती आली होती. पंचांपुढे नेऊन ठेवायला तिला एवढाच एक शब्द हवा होता. मी मागे पाहिलं नाही, पण मागे कोण आहे ते मला माहीत होतं.

“प्याले, मावशी,” मी म्हणालो.

मला वाटलं, आता शिव्याशाप देईल. तिने पदराने तोंड पुसलं.

“मंग तहानेला न्हाई गेला त्यो,” ती म्हणाली. “तेवढं लई बरं झालं, दादा.” आणि आल्या वाटेने निघून गेली. मुलीचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

तो तहानेलाच गेला. ते पाणी मी प्यालो — वाडी मागे पडल्यावर, सावलीला बसून, सगळा तांब्या.