ओढ्यापलीकडचा परदेशी

आमच्या घराण्यात सहीपलीकडे काही लिहिणारा मीच पहिला, तेव्हा माझे हे धाडस वाचकांनी पोटात घालावे. पण माझ्या वडिलांच्या मावसभावाइतका, म्हणजे आमच्या काकांइतका, जग पाहिलेला माणूस सातारा-सांगलीच्या टापूत दुसरा नसेल, असे मला प्रामाणिकपणे वाटते. पलटणीबरोबर ते समुद्रापलीकडे, पार इराकातल्या बसऱ्यापर्यंत जाऊन आले होते. तेव्हापासून गावात काहीही घडले तरी ते बसऱ्यात आधीच घडलेले असे. कुणाची गाय हरवली, की काका मिशीवरून हात फिरवून म्हणत, "बसऱ्यात ह्ये रोजचंच."

मी मॅट्रिक झालो. पुढे शिकायचे तर स्कॉलरशिप हवी, नाहीतर भावांसारखी पलटण, हे घरात ठरलेलेच होते. आमचे गाव संस्थानातले. दरबारच्या स्कॉलरशिपा दोन: एक संस्थानच्या प्रजेसाठी, दुसरी परमुलखातल्या विद्यार्थ्यासाठी. पहिलीवर दरबारी मंडळींच्या भाच्यापुतण्यांची रांग. दुसरीकडे कोणी फिरकत नसे. आता, गावचा ओढा ओलांडला की इंग्रजांचा खालसा मुलूख लागे, आणि आमचा म्हशीचा गोठा नेमका ओढ्यापलीकडे.

"गड्या, उद्यापासनं तू परदेशी," काका म्हणाले.

माझे बिऱ्हाड गोठ्यात गेले. आई भाकरी घेऊन निघाली की काका तिला काठावर अडवीत. "वयनी, परमुलखात माल चाललाय. काय काय हाय?" ठेच्याची चव घेतल्याशिवाय ती जकात फिटत नसे.

"आवं भावजी, पोरगं परदेशी, मग म्हस कुटली?" आईने एकदा विचारले.

"तिचं दूध हिकडं येतंय. म्हंजी ती आपलीच."

मुलाखतीला काकांनी मला भर उन्हात पलटणीतला जाड कोट घातला. कारभाऱ्यांनी विचारले, "फार लांबून आलात?" माझ्याने खोटे बोलवेना आणि खरेही. शेवटी काकाच म्हणाले, "लांब तसं न्हाई, साहेब. पर मधी पाणी लागतं." घामाने निथळणारा मी समुद्रातूनच आल्यासारखा दिसत असणार. स्कॉलरशिप मिळाली.

मी सांगलीला कॉलेजात गेलो आणि काका गोठ्यात राहायला गेले. म्हणाले, "बिऱ्हाड मोडलेलं दिसलं तर साहेब म्हणंल, बनाव हाय." पावसाळ्यात ओढा चढला, की ते पलीकडेच अडकून पडत आणि म्हशीला बसऱ्याच्या गोष्टी सांगत.

पुढे संस्थाने विलीन झाली. प्रजेची स्कॉलरशिप चालू राहिली. परमुलूखच उरला नाही, म्हणून माझी बंद झाली. मी आता सकाळी शिकवण्या करतो, पण कॉलेज सोडलेले नाही. स्कॉलरशिप बंद झाल्याचे गावात सगळ्यांना ठाऊक होते, तरी ओढ्यापलीकडे ही बातमी न्यायला कोणी धजले नव्हते. सुट्टीत मीच गेलो.

ऐकून घेतल्यावर काका म्हशीची पाठ चोळीत राहिले. मग पाण्याकडे बघत हळूच म्हणाले, "म्हंजी ह्यो वढा आता नुसता वढाच?"